चाळिशी, हनुवटी आणि चार मिलिमीटर

गेल्या वर्षी आमच्या बाबांची मान झुकायला लागली. रस्त्यात कुणी हाक मारली की हनुवटी छातीकडे नेऊन चष्म्याच्या वरच्या भागातून बघायचे. घरातल्या सगळ्यांनी (मीही त्यातलाच) वयाला दोष दिला. ऐंशी पूर्ण झाली, मान झुकणारच! काकूने तर मानेच्या व्यायामाचा कागद आणून फ्रीजवर चिकटवला. चष्म्याचा संशय कुणालाच आला नाही. चष्मा नवा होता, महागाचा होता आणि नंबर दोनदा तपासून घेतला होता.

नंबर बरोबर म्हणजे चष्मा बरोबर, हा आपला ठाम समज. हा समज किती जुना आहे ते बघायला मी चष्म्याच्या इतिहासात शिरलो आणि तिथेच रमलो.

चष्मा इटलीतला, तेराव्या शतकाच्या शेवटचा. १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या एका प्रवचनात जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने सांगितलं होतं की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. त्या काचा बहिर्गोल, जवळचं वाचण्यासाठी. म्हणजे आपली चाळिशीच! (चष्म्याला थेट वयाचं नाव देणारी आपली भाषा धन्य आहे.) काच नाकाशी धरायची, अक्षर दिसलं की झालं. ती का चालते हे नीट कळायला १६०४ साल उजाडावं लागलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रतिमा उमटते आणि काच तिला पडद्यावर आणून बसवते, हे केप्लरने तेव्हा मांडलं.

पण केप्लरचा डोळा कागदावरचा, जागेवर स्थिर. खरा डोळा एका जागी थांबतो कुठे?

याचा अनुभव बेंजामिन फ्रँकलिनला जेवणाच्या टेबलावर आला. तेव्हा तो पॅरिसजवळ पासीला राहत होता. ताटातलं बघायला एक चष्मा, समोरची माणसं बघायला दुसरा, असा खेळ चाले. शेवटी त्याने दोन्ही काचा अर्ध्या कापून एकाच फ्रेममध्ये बसवून घेतल्या. खाली जवळच्या, वर लांबच्या. १७८५ च्या मे महिन्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की यामुळे फ्रेंचही जास्त चांगलं कळतं, कारण बोलणाऱ्याच्या चेहऱ्याच्या हालचाली दिसतात. चष्म्याने ऐकू येतं म्हणणारा हा पहिलाच असावा! पण मुद्द्याची गोष्ट ही की त्याने काच कापली ती नजर कुठून कुठे फिरते ते बघून.

पुढे १८०४ मध्ये लंडनच्या वोलास्टनने दुसरी अडचण हेरली. तेव्हाच्या काचा दोन्ही बाजूंनी सारख्या वळणाच्या असत. मधून स्वच्छ दिसे आणि डोळा कडेला वळवला की धूसर. त्याने डोळ्याकडची बाजू खोलगट, बाहेरची फुगीर असं वाकवलेलं भिंग सुचवलं. विल्यम जोन्स नावाचा एक चष्मेवाला त्यावर जाहीर वाद घालायला उभा राहिला. असो. ही गोष्ट गणिताने पक्की व्हायला शतक गेलं. १९१२ मध्ये झाईस कंपनीत मोरित्झ फॉन रोरच्या गणितातून ‘पुंक्ताल’ भिंग आलं. त्यात डोळा आपल्या खोबणीत ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू धरून प्रत्येक नंबराला वळण काढलं होतं.

इथे मी थबकलो. वळणाचं गणित भिंगापासून त्या बिंदूपर्यंतच्या अंतरावर उभं आहे, साधारण २५ ते २७ मिलिमीटर. म्हणजे भिंग ज्या जागेसाठी घडवलं, तिथे ते बसलं नाही तर सगळा हिशेब वाया. माझा नंबर उणे आठ. चष्मा घसरून डोळ्यापासून ४ मिलिमीटर लांब गेला की पाव नंबर गायब! आडव्या जागेचंही तेच. प्रेंटिस या अमेरिकन चष्मेवाल्याच्या नावाचा नियम साधा आहे: नंबराला सरकलेल्या सेंटिमीटरने गुणा. चार नंबराच्या भिंगाचा मध्य बाहुलीपासून अर्धा सेंटिमीटर चुकला, तर एक मीटरवरची वस्तू २ सेंटिमीटर सरकलेली दिसते. दोन्ही डोळे मग ती ओढून एकत्र आणत बसतात आणि आपण डोकेदुखीची गोळी घेतो.

बाबांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे फ्रँकलिनची मधली रेघ पुसलेला. ओवेन एव्ह्ज या इंग्रजाने १९०७ मध्ये तशा भिंगाचं पेटंट घेतलं होतं, पण बाजारात खऱ्या अर्थाने चाललं ते १९५९ चं फ्रान्सचं व्हॅरिलक्स, बेर्नार मेतनाझचं. रेघ पुसण्याची किंमत असते. १९६३ मध्ये मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की खाली जाताना नंबर जितक्या वेगाने वाढवाल, त्याच्या दुप्पट वेगाने कडांना धूसरपणा वाढणार. तो घालवता येत नाही, फक्त इकडून तिकडे सारता येतो. मध्ये उरते एक अरुंद वाट. तिच्या तोंडाशी बाहुली आलीच पाहिजे.

बाबांना घेऊन मी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने नंबर तपासलाच नाही. आधी बाबांना दुकानात चार पावलं चालायला लावलं. मग चष्मा उजेडात धरला. प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन अगदी सूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात. त्या शोधून त्याने पेनने ठिपके दिले, चष्मा बाबांच्या नाकावर चढवला, स्वतः समोर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसला. ‘काका, सरळ माझ्याकडे बघा.’

बसवायची खूण बाहुलीच्या ४ मिलिमीटर वर होती. सरळ बघताना बाबांची नजर जवळच्या नंबराच्या वाटेत घुसत होती. लांबचं दिसायला हनुवटी खाली घालण्याशिवाय त्यांना इलाज नव्हता. पहिल्या दुकानात बसल्या बसल्या, घाईत माप घेतलं होतं. आणि आम्ही तीनदा तक्रार केल्यावर ‘होईल सवय’ एवढंच उत्तर मिळालं होतं. सवय झाली खरी, मानेला!

नाकावरचे पॅड पसरून चष्मा दोनेक मिलिमीटर उतरला, बाकीच्यासाठी काचा नव्या कराव्या लागल्या. नंबर तोच. आता बसची पाटी बाबा माझ्याआधी वाचतात. जुन्या सवयीने मान अजून कधीकधी खाली जाते, मग स्वतःच हसतात. काकूचा कागद फ्रीजवर तसाच आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, पण हे वाचून कळेलच.