महिरप : अर्थ आणि उगम

पेशवेकालीन वाड्याच्या चौकात दोन खांबांच्या मधे, तुळईच्या खाली, पाकळ्यापाकळ्यांच्या कडेची जी कोरीव लाकडी कमान दिसते, तिला महिरप म्हणतात. मराठी मुलखातील अलंकरणाच्या परिभाषेत ही संज्ञा विशेष बोलकी आहे, कारण मूळ प्रयोजन गळून पडून शोभाच तेवढी शिल्लक राहिल्याचा इतिहास तिच्यात आहे. अरबीतील मिहराब म्हणजे मशिदीच्या भिंतीतील मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. पुढे मेहराब हा शब्द कोणत्याही कमानीसाठी वापरला जाऊ लागला आणि मराठीत त्याचे महिरप झाले, तेव्हा दिशेशी त्याचा काहीही संबंध उरला नव्हता.

शब्द जुना असला, तरी वाड्यातील महिरपीचा घाट मुख्यतः शाहजहानकालीन मोगल वास्तुकलेतून आलेला आहे. दख्खनी सुलतानांच्या इमारतींत टोकदार, साध्या कमानींचे प्राबल्य होते. पाकळीदार कमान आणि तिच्या जोडीचा, फुगीर बुडाचा व वर निमुळता होत जाणारा खांब यांना दिल्लीच्या 1639 ते 1648 या काळात बांधलेल्या लाल किल्ल्यात राजवैभवाचे रूप मिळाले. या खांबाला मराठीत सुरूचा खांब म्हणतात. सुरू हा फारसी सर्व, म्हणजे सरळसोट वाढणारा सायप्रस वृक्ष. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ सनदा घेऊन दिल्लीहून परतले आणि 1730 मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, हा क्रम या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे.

दिल्लीत जे दगडात होते, ते पुण्यात सागवानात आले. हा बदल केवळ साहित्याचा नव्हे. दगडी कमान स्वतः भार पेलते. वाड्यात मात्र माडीचा भार कडीपाटावरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उतरतो, आणि महिरप ही तुळईखाली बसवलेली कोरीव फळी असते. ती काढून घेतली, तरी माडी जागची हलत नाही. तिला खोटी कमान म्हणून हिणवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण भाराच्या चिंतेतून सुटल्यामुळेच सुताराच्या हाताला वेलबुट्टी, पाने आणि खाली लोंबणारी केळफुले कोरण्याची मोकळीक मिळाली.

मुळशीसारख्या मुसळधार पावसाच्या घाटमाथ्यावर सामान्य कुणब्याच्या घराला साधा खांब आणि उतरते छप्पर पुरेसे होते; महिरप ही सत्तेची आणि पैशाची खूण. तरीही देव्हारा आणि गणपतीचे मखर यांच्या वाटेने ती साध्या घरांतही शिरली, आणि शाळेतील गणिताने तर आपल्या नागमोडी कंसालाही महिरपी कंस म्हटले.

शनिवारवाड्यातील बहुतेक लाकूडकाम 1828 च्या आगीत नष्ट झाले. सुरूचे खांब आणि लाकडी नक्षी एकत्र पाहायची असेल, तर दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पाहावा.