जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलताना

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप संगणक सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेतो, एखादी फाइल उघडताना थबकतो आणि मधूनच कॅबिनेटमधून टक-टक असा आवाज येतो. अशा वेळी नवा संगणक घ्यावा की आहे तोच दुरुस्त करावा, हा प्रश्न घरोघरी तसेच लहान कचेऱ्या, वाचनालये आणि देवस्थान समित्यांपुढे उभा राहतो. पुष्कळदा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांत काहीही दोष नसतो; थकलेली असते ती हार्ड डिस्क. ती बदलण्याचे प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे असते. त्या डिस्कवर काय काय आहे हे ओळखून ते सुखरूप नव्या जागी नेण्यास मात्र एखादा पूर्ण दिवस राखून ठेवावा लागतो. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, तिच्यावरचा मजकूर मिळत नाही.

प्रस्तुत लेखकाचे मूळ गाव लामता. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, बालाघाट–नैनपूर रेल्वेमार्गावरचे हे गाव. संगणकाचा एखादा सुटा भाग हवा असेल, तर तेथून बालाघाट किंवा थेट गोंदिया गाठावे लागते. घरच्या डेस्कटॉपवर वडिलांनी अनेक वर्षे खपून घराण्याची वंशावळ आणि जुन्या आठवणी मराठीत टंकित केल्या होत्या. डिस्क बिघडू लागली तेव्हा एका दुकानात ती बदलून घेतली. दुकानदाराने फायली नव्या डिस्कवर उतरवून दिल्या. पण घरी आल्यावर त्या उघडल्या, तर प्रत्येक पानावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसू लागली. मजकूर शाबूत होता. तो ज्या फॉन्टमध्ये लिहिला होता तो फॉन्ट मागे राहिला होता. वडिलांनी हट्टाने परत मागून आणलेली जुनी डिस्क कपाटात होती, म्हणून तो सापडला. पुढील माहिती या अनुभवाच्या आधारे मांडली आहे.

डिस्क थकल्याची लक्षणे

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या सतत फिरत असतात. डेस्कटॉपमधील डिस्कचा वेग सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेऱ्या इतका असतो. त्या तबकड्यांवरून वाचन-लेखन करणारा शीर्षभाग अत्यल्प अंतरावर तरंगत फिरतो. हे यांत्रिक भाग वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतात. वीज अचानक जाणे, धक्का बसणे आणि उष्णता साठणे यांमुळे त्यांचे आयुष्य आणखी घटते.

फायली उघडण्यास लागणारा वाढता वेळ, वारंवार येणारी निळी पडदा-सूचना, नाहीशा होणाऱ्या फायली आणि ठरावीक अंतराने येणारा टक-टक आवाज ही प्रमुख लक्षणे होत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ यांसारखा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद दाखवतो. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदीत ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हे दोन आकडे पाहावेत. ते शून्यावर नसतील आणि दिवसागणिक वाढत असतील, तर विलंब करू नये.

या टप्प्यावर एक चूक सर्रास होते. डिस्क ‘दुरुस्त’ करण्यासाठी चेकडिस्क किंवा डीफ्रॅगमेंट चालवले जाते. मरणासन्न डिस्कला त्यामुळे तासन्‌तास राबावे लागते आणि उरलेसुरले आयुष्य त्यातच संपते. आधी फायली बाहेर काढाव्यात. टक-टक आवाज सतत येत असेल आणि मजकूर अमूल्य असेल, तर संगणक बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच डिस्क न्यावी. डिस्कचे झाकण घरी कधीही उघडू नये. धुळीचा एक कणही तबकडी खरवडण्यास पुरेसा असतो.

नवी डिस्क निवडताना

प्रथम कॅबिनेटची बाजू उघडून केबल पाहावी. रुंद, चपटी पट्टी असेल तर जोडणी आयडीई प्रकारची आहे. अरुंद केबल आणि तिच्या टोकाला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खाच असेल तर ती साटा. साटा जोडणी २००३ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढील काही वर्षांत तिने आयडीईची जागा घेतली. केवळ आयडीई असलेल्या संगणकावर आता खर्च करण्यात अर्थ नाही; त्यातील मजकूर काढून घ्यावा आणि त्याला निवृत्त करावे.

साटाच्या तीन पिढ्या आहेत. त्यांचा वेग अनुक्रमे सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट असा. त्या परस्परांशी जुळवून घेतात, त्यामुळे आजची साटा एसएसडी जुन्या मदरबोर्डवरही सहसा चालते. फक्त वेग मदरबोर्डाच्या मर्यादेपुरता राहतो. तरीही फरक लगेच जाणवतो, कारण एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने विखुरलेल्या लहान फायली ती जवळजवळ तत्काळ वाचते. म्हणून विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम यांसाठी २४० ते ५०० गिगाबाइटची एसएसडी घ्यावी. छायाचित्रे व चित्रफितींचा मोठा संग्रह असेल, तर सोबत ३.५ इंची हार्ड डिस्कही बसवता येते.

तीन बाबी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ५०० गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ दिसते. ही फसवणूक नसून मोजण्याच्या दोन पद्धतींतील फरक आहे. दुसरी, जुन्या बायोसच्या संगणकात विंडोजची डिस्क २ टेराबाइटपेक्षा मोठी घेऊ नये. विभागणीची जुनी एमबीआर पद्धत त्यापलीकडची जागा वापरू शकत नाही. तिसरी, एसएसडी २.५ इंची असते, त्यामुळे ती ३.५ इंची खणात बसवण्यासाठी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट सोबतच घ्यावी. दुकान दूर असलेल्या गावी केवळ त्या चौकटीसाठी दुसरी खेप पडते.

आधी प्रत, मग पेचकस

कॅबिनेटला हात लावण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर फायलींची प्रत घ्यावी. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप हे चार फोल्डर सर्वांना आठवतात. विसरले जाते ते पुढीलप्रमाणे: हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा फोल्डर, ईमेल संगणकावरच साठवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल, ब्राउझरमधील खुणा व पासवर्ड, प्रिंटर, स्कॅनर आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचे ड्रायव्हर, आणि सी ड्राइव्हच्या मुळाशीच कोणी तरी करून ठेवलेले अनाम फोल्डर. अर्ज भरून देणाऱ्या लहान केंद्रांत तर ठशांच्या यंत्राचा ड्रायव्हर हरवला की दिवसभराचे काम अडते.

प्रतीला वेळ लागतो हे गृहीत धरावे. जुन्या संगणकाचे यूएसबी २.० द्वार प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास डेटा नेते. ३०० गिगाबाइटला त्या हिशेबाने जवळपास तीन तास लागतात. वीज बेभरवशाची असेल तर यूपीएसविना हे काम सुरू करू नये. प्रत पूर्ण झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर जोडून, प्रत्येक फोल्डरातील दोन-चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नये.

मराठी फॉन्टची वेगळी काळजी

मराठी वाचकांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टंकन झाले ते श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत आणि पॅकेजांत. या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेले नसते. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट नसेल तर तीच फाइल निरर्थक दिसते. प्रत्येक पॅकेजची संकेतरचना निराळी, म्हणून एकाच्या जागी दुसरा फॉन्ट चालत नाही.

उपाय सोपा आहे. सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स हा संपूर्ण फोल्डर प्रतीमध्ये घ्यावा. विंडोज १० वर केवळ एका वापरकर्त्यासाठी बसवलेले फॉन्ट त्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात असतात, तेही पाहावेत. पॅकेजची मूळ सीडी, परवाना क्रमांक आणि असल्यास हार्डवेअर लॉक शोधून एकत्र ठेवावेत. काही लॉक जुन्या समांतर द्वारात बसणारे असतात; असे द्वार नव्या संगणकांत सहसा नसते. जुना डेस्कटॉप टिकवण्याचे हेही एक सबळ कारण ठरते.

याच निमित्ताने महत्त्वाच्या दस्तऐवजांची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे फॉन्ट तिच्यातच सामावला जातो. त्यानंतर सवडीने फॉन्ट-परिवर्तकाच्या साह्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनात रफार, अर्धा र आणि पहिली वेलांटी यांच्या चुका राहतात, तेव्हा पीडीएफशी ताडून मुद्रितशोधन अवश्य करावे.

हुबेहूब प्रत की नवी मांडणी

जुनी डिस्क अद्याप नीट वाचली जात असेल, तर ‘क्लोनझिला’सारख्या मोफत प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवता येते. विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट सारे जसेच्या तसे येते. येथे मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य कोणते हे दोनदा वाचूनच होकार द्यावा. उलट निवड झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. क्लोनझिला नेहमीच्या मांडणीत नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असण्याची अपेक्षा करते.

डिस्कवर खराब सेक्टर असतील किंवा विंडोज फार जुनी असेल, तर नव्याने मांडणी करणे श्रेयस्कर. विंडोज ७ चा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, जी या वयाच्या संगणकांत सहसा नसते. इंटरनेट आणि लेखन एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा व्यवहार्य पर्याय आहे. तिच्यातही जतन केलेले जुने मराठी फॉन्ट बसवता येतात.

प्रत्यक्ष बदल

संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवावा. केबल काढण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्र घ्यावे. साटाच्या दोन केबल असतात: अरुंद ती डेटाची, रुंद ती विजेची. दोन्ही सरळ ओढाव्यात. वर-खाली हलवल्यास जोडणीची प्लास्टिकची जीभ तुटते.

३.५ इंची डिस्कचे स्क्रू आणि २.५ इंची एसएसडीचे स्क्रू वेगळ्या आट्यांचे असतात. जुना स्क्रू एसएसडीत जबरदस्तीने फिरवू नये. पंख्यावरची धूळ याच वेळी मऊ ब्रशने काढावी. दमट, खाऱ्या हवेच्या गोव्यात केबलच्या टोकांवर गंज किंवा हिरवट थर दिसला, तर नवी डेटा केबल वापरावी. तिची किंमत किरकोळ असते आणि सदोष केबलमुळे नवी डिस्कही बिघडल्यासारखी वागते.

मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही गोल बॅटरी जुनी झाली असेल तर तीही बदलावी. मात्र तिच्या बदलाने बायोसमधील निवडी मूळपदावर जातात, म्हणून आधी बायोसमधील साटाची निवड आयडीई आहे की एएचसीआय हे लिहून घ्यावे. हुबेहूब प्रत उतरवली असेल तर पूर्वीचीच निवड ठेवावी, अन्यथा विंडोज सुरूच होत नाही. नवी मांडणी करायची असेल तर सुरुवातीलाच एएचसीआय निवडावे आणि मांडणी पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क जोडू नये. ती जोडलेली राहिल्यास सुरुवातीच्या फायली तिच्यावरच लिहिल्या जाण्याचा संभव असतो. मग ती काढताच नवी प्रणाली बंद पडते.

जुन्या डिस्कचे काय करावे

जुनी डिस्क लगेच पुसू नये आणि दुकानात सोडून येऊ नये. दुरुस्तीला देतानाच ‘जुनी डिस्क परत हवी’ असे सांगावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. ती कोरड्या जागी, दिनांक लिहून निदान तीन महिने ठेवावी. एखादा विसरलेला फोल्डर, एखादा फॉन्ट, वर्षाअखेरीचा हिशेब यांची आठवण बहुधा या काळातच होते.

त्यानंतर ती देऊन टाकायची असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नये. त्याने फायलींची केवळ यादी पुसली जाते. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, म्हणजे संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. आधार, पॅन, बँक पासबुकांच्या प्रती बाळगणाऱ्या केंद्रांनी ही दक्षता टाळू नये. चालतच नसलेली डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी निकामी करावी. शक्यतो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच ती सोपवावी. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत.

लामत्याच्या घरातली ती वंशावळ आता युनिकोडमध्ये आहे आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. जुनी डिस्क अजून कपाटातच आहे.