चिंपँझी आपला कोण लागतो?

गेल्या शनिवारी भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरत होतो. वाघजाईच्या देवळापाशी बाईक लावली, कांदाभजी घेतली, आणि पहिलं भजं तोंडात जायच्या आत एका माकडाने कागदासकट सगळी पळवली. मित्र शांतपणे म्हणाला, "जाऊ दे रे, पूर्वज आहेत आपले. नैवेद्य समज."

विनोद जुनाच, पण सगळी गडबड त्यातच आहे. ते माकड आपलं पूर्वज कसं असेल? ते माझ्याइतकंच आजचं आहे! त्याचे आणि आपले पूर्वज एक होते, पण ते अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, म्हणून डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. पण खरं सांगायचं तर मंत्र्यांच्या आणि माझ्या मित्राच्या डोक्यातलं चित्र एकच आहे. आधी माकड, मग चिंपँझी, मग वाकलेला माणूस, मग आपण. (टी-शर्टवर असतं ना, शेवटचा परत कंप्युटरपुढे वाकलेला, तेच.)

भाषाही मदत करत नाही. माकड आहे, वानर आहे, पण चिंपँझी, बोनोबो, गोरिला, ओरँगउटान या बिनशेपटीच्या मंडळींना रोजच्या मराठीत वेगळा शब्दच नाही. पुस्तकात 'कपि' म्हणतात, पण कपि तर मारुतीही, आणि मारुतीला चांगली लांब शेपूट! साहजिक आहे म्हणा. आज भारतातल्या जंगलात कपि उरलाय तो फक्त गिबन, आणि तोही थेट ईशान्येला.

पण एकेकाळी या वंशावळीत आपल्याकडच्या एकाने फार मानाची जागा पटकावली होती. १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या एडवर्ड लुइस या विद्यार्थ्याला शिवालिक टेकड्यांत वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. त्याने नाव ठेवलं रामापिथेकस, म्हणजे रामाचा कपि. (शिवापिथेकस हे नाव आधीच देऊन झालं होतं.) जबड्याचा वळसा माणसासारखा वाटत होता, सुळे लहान. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला थेट मनुष्यशाखेचा आद्य पुरुष ठरवलं. वय धरलं सुमारे १.४ कोटी वर्षं. म्हणजे आपण तेव्हाच चिंपँझी-गोरिलांपासून वेगळे निघालो होतो, नातं तसं लांबचंच. सगळ्यांना बरं वाटावं असं उत्तर.

बग सापडला तो रक्तात. १९६७ मध्ये बर्कलेच्या व्हिन्सेंट सारिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन एकमेकांशी किती जुळतं ते मोजलं. फरक जास्त, तर वेगळं होऊन काळही जास्त, इतकं साधं लॉजिक. उत्तर आलं: माणूस आणि आफ्रिकेतले कपि वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं! मग रामापिथेकस मनुष्यशाखेत बसणार कसा? जीवाश्मवाले भडकले, वाद पंधरा वर्षं चालला. शेवटी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा बराचसा चेहरा मिळाला आणि तो ओरँगउटानसारखा निघाला. रामापिथेकस हा त्याच्याच गोतावळ्यातला. १९८२ मध्ये हे जगापुढे मांडलं कुणी? खुद्द पिलबीम यांनी. आपल्याच जुन्या कोडमधली चूक भर मीटिंगमध्ये कबूल करणं किती जड जातं ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल. (मी फार वेळा केलेलं नाही.)

असो. २००५ मध्ये चिंपँझीचा जीनोम वाचून झाला. सुमारे ३०० कोटी अक्षरं, आणि जुळणाऱ्या भागात आपल्याशी 'डिफ' काढला तर फरक साधारण १.२ टक्के. अधलेमधले गाळलेले-घातलेले तुकडे धरले तर ४ टक्क्यांच्या आसपास. फांदी फुटली ती बहुधा ६०-७० लाख वर्षांपूर्वी. मला मात्र आकड्यांपेक्षा क्रम जास्त चक्रावतो. चिंपँझीला सगळ्यात जवळचा बोनोबो, आणि त्याच्यानंतर? गोरिला नव्हे, आपण! गोरिला आधीच वेगळा झालेला. माणूस कुंपणाच्या अलीकडे आणि बाकीचे सगळे कपि पलीकडे, असं कुंपण या झाडावर घालताच येत नाही.

संध्याकाळी महाडात चवदार तळ्याच्या काठी बसलो होतो, तेव्हा २०१२ चा एक अभ्यास आठवला. कॅमेरूनमध्ये सनागा नदीच्या दोन बाजूंना चिंपँझींचे दोन गट राहतात. मधे फक्त नदी. तरी त्यांच्यातला जनुकीय फरक वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांतल्या फरकापेक्षा जास्त भरला. चिंपँझींच्या मानाने आपण सगळे अगदी एका घरातले. सावित्रीच्या या काठाचे आणि त्या काठाचे सोडाच, महाडचे आणि मेक्सिकोचेसुद्धा.

आणि याच तळ्यावर गुराढोरांना पाणी प्यायला मोकळीक होती, अस्पृश्य माणसांना नव्हती. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले, मागोमाग हजारो माणसं प्यायली. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं.