कपालीय ऑस्टिओपॅथी : मध्यरेषीय अस्थींची हालचाल

कवटीच्या मध्यरेषेवरील एकेरी अस्थी श्वास व नाडीपासून स्वतंत्र अशा संथ लयीत हालतात, हे कपालीय ऑस्टिओपॅथी या हातांनी करायच्या उपचारपद्धतीतील मूळ गृहीतक. कवटीच्या मागची पश्चकपालास्थी, तळाच्या मध्यावरील जतुकास्थी, नाकाच्या छताची झर्झरास्थी आणि नाकाच्या पडद्यातील सीरिका या त्या अस्थी होत. कण्याच्या टोकाकडील त्रिकास्थीही मेंदू-मज्जारज्जूच्या कणखर आवरणाने त्यांच्याशी जोडलेली मानतात.

ही कल्पना विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) यांची. मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांनी स्थापन केलेल्या शाळेत शिकत असताना सुट्या केलेल्या कवटीतील जतुकास्थी व कानाजवळची शंखास्थी यांच्या तिरप्या कडा त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या, आणि त्या हालचालीसाठीच असाव्यात असा तर्क त्यांनी केला. त्यांचे ‘द क्रेनिअल बोल’ हे छोटे पुस्तक १९३९ मध्ये निघाले. कडा तिरप्या असतात हे खरे. मात्र सांध्याच्या आकारावरून हालचाल सिद्ध होत नाही.

हालचालीचे वर्णन. सर्व भर जतुकास्थी व पश्चकपालास्थी यांच्या तळाकडील सांध्यावर आहे. ‘आकुंचना’त दोन्ही अस्थी आडव्या अक्षांभोवती परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, सांधा माथ्याकडे उचलला जातो, जतुकास्थीचे मोठे पंख पुढे व खाली झुकतात. पश्चकपालास्थी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने झर्झरास्थीही फिरते. डोके रुंद होते, पुढून-मागे आखूड होते. त्याच वेळी जोडीच्या अस्थी बाहेर वळतात आणि त्रिकास्थीचा वरचा भाग मागे सरतो. ‘प्रसरणा’त सारे उलटे. हॅरॉल्ड मॅगून यांच्या १९५१ च्या पाठ्यपुस्तकात या लयीची गती मिनिटाला १० ते १४ आवर्तने दिली आहे. नंतरचे लेखक कमी आकडे देतात. ही लय तपासताना रुग्ण उताणा झोपतो. उपचारक डोक्यामागे बसून तर्जन्या जतुकास्थीच्या पंखांवर, मधली बोटे कानापुढे, अनामिका कानामागे व करंगळ्या पश्चकपालास्थीवर टेकवतो. दाब जवळजवळ देत नाही.

शरीररचनेचा आक्षेप. ज्या सांध्यावर हे प्रतिमान उभे आहे तो बालपणी कूर्चेचा असतो. पौगंडावस्थेत तिचे हाड होऊ लागते आणि प्रौढपणी दोन्ही अस्थी एकसंध होतात; तेथे बिजागरीला जागा उरत नाही. समर्थक जिवंत हाडाच्या लवचिकतेकडे बोट दाखवतात. माथ्याच्या शिवणी मात्र उशिरा व अनियमितपणे मिटतात, त्यामुळे तेथील सूक्ष्म हालचालीचा प्रश्न वेगळा धरावा लागतो.

पडताळणी. दोन परीक्षकांनी एकाच रुग्णाची लय मोजली तर आकडे जुळत नाहीत, असे अनेक अभ्यासांत दिसले. स्टीव्ह हार्टमन व जेम्स नॉर्टन यांनी २००२ मध्ये या आधारे पद्धतीवर कडक टीका केली. दोघेही ऑस्टिओपॅथी महाविद्यालयातच अध्यापक होते. बोटांना जाणवणारी लय रक्तदाबाच्या संथ चढउतारांची असावी, असाही एक पक्ष आहे.

शाखा. जॉन अपलेजर यांची क्रेनिओसेक्रल थेरपी ही याच पद्धतीतून निघालेली शाखा.