रॉकीचा पुतळा आधी, जो फ्रेझरचा नंतर

खेळावरचे अमेरिकन सिनेमे आपल्यातले बरेच तरुण 'मोटिव्हेशन' म्हणून पाहतात. रॉकी पायऱ्या चढतो, दोन्ही हात उंचावतो आणि ती क्लिप आपल्या स्टेटसला लागते. पाहायला हरकत नाही, आम्हीही पाहतो. पण हे स्वप्न कुणाचं आणि ते विकताना कुणाचा इतिहास पुसला गेला, हे आंबेडकरी माणसाने विचारायला नको का?

'रॉकी' आला १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी. व्हिएतनाम आणि वॉटरगेटची नाचक्की ताजी होती. आदल्या वर्षी चक वेपनर या गोऱ्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या बॉक्सरने मुहम्मद अलींसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकाव धरला. ती लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोनने पटकथा लिहिली. सिनेमातला जगज्जेता अपोलो क्रीड काळा, श्रीमंत आणि बढाईखोर आहे. गरीब, कष्टाळू आणि सच्चा कोण, तर गोरा रॉकी! खऱ्या अलींनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्यांचं जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं. साडेतीन वर्षं त्यांना रिंगणाबाहेर ठेवलं. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. यातलं काहीच अपोलोच्या वाट्याला येत नाही. काळा माणूस वर बसलाय आणि गोरा तळाशी पिचतोय, अशी उलटी उतरंड रचून या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं. (आरक्षणाच्या नावाने गळा काढणारे आपल्याकडचे 'गुणवंत' इथे आठवले तर नवल नाही.)

त्याच फिलाडेल्फिया शहरात एक खरा जगज्जेता राहत होता. जो फ्रेझर. दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब शेतमजूर कुटुंबात जन्मलेला, कत्तलखान्यात काम करणारा, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक घेणारा आणि १९७१ मध्ये अलींना हरवणारा. टांगलेल्या मांसावर ठोसे मारण्याचा सराव आणि संग्रहालयाच्या पायऱ्यांवरची धाव, हे दोन्ही मूळचं आपलं, असं फ्रेझर सांगत असत. सिनेमात ते क्षणभर दिसतात, पाहुणे म्हणून. रॉकी या काल्पनिक माणसाचा पुतळा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शहरात उभा राहिला. फ्रेझर यांचा पुतळा बसला २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

पुढे हॉलिवूडने काळ्यांनाही नायक केलं. पण कोणत्या अटीवर? 'रिमेम्बर द टायटन्स' (२०००) हा व्हर्जिनियातल्या १९७१ च्या शालेय फुटबॉल संघावरचा सिनेमा. त्यात हा एकच संघ मिश्र आणि समोरचे सारे संघ निव्वळ गोऱ्यांचे. प्रत्यक्षात इतर शाळांतही तोवर काळी मुलं खेळत होती, कारण १९५४ च्या न्यायालयीन निकालानंतर काळ्यांनी वर्षानुवर्षं खटले लढवले होते. सिनेमात अंतिम सामना शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेला, खरा मात्र २७–० असा एकतर्फी! कायदा आणि चळवळ यांची जागा खेळाडूंच्या गळाभेटीने घेतली.

जॅकी रॉबिन्सन यांचंही तेच. १९४७ मध्ये बेसबॉलच्या मुख्य लीगमधली वर्णबंदी त्यांनी मोडली. '४२' (२०१३) या सिनेमात त्याचं मोठं श्रेय जातं संघाचे गोरे अध्यक्ष ब्रँच रिकी यांच्या निर्धाराला. रिकींचं धाडस आम्ही नाकारत नाही. पण वेंडेल स्मिथ यांच्यासारखे काळे पत्रकार आणि कम्युनिस्टांचं 'डेली वर्कर' ही मागणी १९३० च्या दशकापासून लावून धरत होते. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतल्या वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉबिन्सन यांचा करार जाहीर झाला. वेंडेल स्मिथ सिनेमात आहेत, पण रॉबिन्सन यांचे सोबती म्हणून. मोहीम मागेच राहते.

स्वतः रॉबिन्सन १९७२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, आत्मचरित्रात लिहून गेले की राष्ट्रगीताला उभं राहणं आणि झेंड्याला सलाम करणं आपल्याला जमत नाही, कारण गोऱ्यांच्या जगात आपण काळेच आहोत. १९३१ मध्ये मणिभवनात बाबासाहेब गांधींना मायभूमीबद्दल काय म्हणाले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. '४२' मात्र १९४७ च्या हंगामावरच संपतो.