'कराटे' या संज्ञेचा इतिहास व तिच्यातील शून्यविचार

ज्या युद्धविद्येला आपण 'कराटे' म्हणतो, तिचा जपानी उच्चार 'काराते' असा आहे. जपानी 'त' मराठी दंत्य त-काराच्या निकटचा आहे. आपला मूर्धन्य 'ट' इंग्रजीच्या वाटेने आला आणि आता इतका रूढ झाला आहे की प्रस्तुत लेखातही तोच स्वीकारणे सोयीचे. उच्चारातील हा फेरफार निरुपद्रवी होय. लेखनात झालेला फेरफार मात्र तसा नाही. १९०५ ते १९३६ या काळात या शब्दाचा उच्चार कायम राहून त्याचे पहिले अक्षर बदलले व त्याबरोबर अर्थही बदलला. या विद्येच्या 'प्राचीन' तत्त्वज्ञानाविषयी आपल्याकडे जे सांगितले जाते, त्याचा बराचसा भाग या नामांतराशी निगडित आहे.

जपानीत एकच चिनी अक्षर चिनीवरून आलेल्या उच्चाराने वाचता येते किंवा त्याच अर्थाच्या देशी शब्दाने. 'काराते'मधील 'ते' म्हणजे हात. पहिले अक्षर मुळात चीनच्या थांग राजवंशाचे. त्याचे देशी वाचन 'कारा', अर्थ चीन. म्हणजे 'चिनी हात'. ओकिनावाच्या बोलीत हीच अक्षरे 'तोओदी' अशी वाचली जात आणि नेहमीच्या बोलण्यात नुसते 'ती', म्हणजे हात, असे म्हटले जाई. परंतु जपानीत 'रिकामा' या अर्थाचाही एक 'कारा' आहे व तो निराळ्या अक्षराने लिहितात. नामांतराला वाट मिळाली ती या समोच्चारामुळे. हानाशिरो चोमो या ओकिनावी शिक्षकाने १९०५ मध्येच 'रिकामा' हे अक्षर योजल्याचे आढळते. पण ते तेव्हा रूढ झाले नाही.

'चिनी हात' हे नाव स्वाभाविक होते. ओकिनावा ज्याचा भाग होता ते र्‍युक्यू राज्य चीनच्या सम्राटाला नजराणा पाठवीत असे, आणि नाहा बंदराजवळ कुमेमुरा ही चिनी वंशाच्या लोकांची जुनी वस्ती होती. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामंताने हे राज्य जिंकले, तरी चीनशी संबंध चालूच राहिला. १८७९ मध्ये जपानने ते खालसा केले. निःशस्त्र केलेल्या शेतकऱ्यांनी ही विद्या निर्माण केली, ही कथा मनोवेधक खरी, परंतु ज्यांची नावे आपल्याला माहीत आहेत ते मात्सुमुरा सोकोन, इतोसु आंको हे पुरुष राजसेवेतले होते. याच इतोसूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या शाळांत नेली. १९०८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पत्राच्या प्रारंभीच, ही विद्या बौद्ध वा कन्फ्यूशियन मतातून निघालेली नसून तिच्या शाखा चीनमधून आल्या, असे स्पष्ट विधान आहे. हा पुरावा माझ्या मते निर्णायक महत्त्वाचा आहे.

इतोसूंचे शिष्य फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये टोकियोस आले. जुदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलावले. पांढरा पोशाख व श्रेणींची पद्धती कराटेने जुदोकडून घेतली. कौशल्यवाचक 'जुत्सु'ऐवजी मार्गवाचक 'दो' लावण्याचा कानोंचा आदर्शही पुढे होताच. फुनाकोशींच्या १९२२ च्या ग्रंथनामात 'चिनी' अक्षर आहे. १९३५ च्या 'काराते-दो क्योहान'मध्ये 'रिकामा' आले. रिकामा म्हणजे शस्त्रावाचून, रिकामा म्हणजे स्वार्थ व दुष्ट विचार यांपासून मोकळा, आणि याहीपुढे बौद्ध शून्यता, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले व प्रज्ञापारमिताहृदयाचा आधार घेतला. येथे संस्कृतज्ञांना कुतूहल वाटावे: हे अक्षर तेच, ज्याने श्वान्-त्सांगने आपला 'शून्य' शब्द चिनीत उतरविला. आक्रमणाच्या व प्रतिकाराच्या बांधीव हालचालींची मालिका म्हणजे 'काता'. तशा एका 'काता'चे 'कुशान्कू' हे नाव एका चिनी पाहुण्यावरून पडल्याचे मानतात. फुनाकोशींनी ते 'कान्कू' केले आणि त्यातही तेच अक्षर बसविले. चिनी माणूस गेला, आकाश आले!

२५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथे एका वृत्तपत्राने भरविलेल्या आचार्यांच्या बैठकीत नवे लेखन संमत झाले. मांचुरिया १९३१ मध्ये जपानने व्यापला होता, चीनशी उघड युद्ध १९३७ मध्ये पेटले. अशा काळी 'चिनी' हे विशेषण जपानी युद्धविद्यांच्या पंक्तीत अडचणीचेच होते. फुनाकोशींची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणत नाही. पण श्रद्धा आणि सोय एकाच अक्षरात भेटल्या, हे नाकारता येत नाही.

मग शून्यविचार नुसता वरून चढविलेला मुलामा समजावा काय? अभ्यासपद्धती पाहता तसे म्हणवत नाही. 'किहोन' म्हणजे मूलभूत क्रिया, 'काता' आणि 'कुमिते' म्हणजे जोडीदाराशी सराव, अशी तिची तीन अंगे आहेत. सरळ ठोशात एक मूठ पुढे जाते त्याच क्षणी दुसरी कमरेशी खेचली जाते. बळ खांद्याचे नसून कमरेच्या वळणाचे, व मागची टाच जमिनीला चिकटलेली. शरीर सैल असते, आघाताच्या क्षणापुरते ताठरते आणि पुन्हा सैल होते. समोरच्या लाथेत आधी गुडघा उचलला जातो, मग पाय सुटतो. 'हेइआन' मालिकेतील पाचही काता बचावाच्या हालचालीने सुरू होतात. पहिला वार आपला नसावा, हा फुनाकोशींचा दंडक त्याच्याशी जुळतो. हात विचाराची वाट पाहीनासा होईपर्यंत एकच क्रिया सहस्रावधी वेळा करणाऱ्याला 'रिक्त मन' हे शब्द पोकळ वाटत नसावेत. नाव उशिरा आले, तरी अनुभवाला ते विजोड नव्हते.

आपल्याकडे मात्र याहून मोठा दावा केला जातो: बोधिधर्माने ही विद्या भारतातून शाओलिनला नेली. बोधिधर्माला व्यायामविद्येशी जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, आणि चिनी संशोधक थांग हाओ यांनी १९३० मध्येच या आख्यायिकेचे खंडन केले. भारताचा खरा संबंध आहे तो भाषांतरकारांच्या टाकातून गेलेल्या एका शब्दाचा. व्यायामशाळेच्या भिंतीवर बोधिधर्माचे चित्र लावणाऱ्यांना हा संबंध फारच किरकोळ वाटेल; भाषेच्या अभ्यासकाला तो तसा वाटू नये.

२००५ मध्ये ओकिनावाच्या प्रांतिक विधानसभेने 'कराटे दिन' ठरविला. त्यासाठी निवडली गेलेली तारीख २५ ऑक्टोबर, म्हणजे १९३६ च्या त्या बैठकीची.