काचेच्या गोळ्यातली लाल कोळंबी

आपल्याकडे कोळंबी म्हटलं की डोळ्यासमोर पहिलं ताट येतं. त्यामुळे जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची, जवळ्याहूनही छोटी कोळंबी कोणी 'पाळतं' म्हटल्यावर घरच्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसंच तुम्हीही बघाल. पण ह्या जिवाच्या मागे एक इतिहास आहे, त्यात चक्क नासा आहे, आणि मला त्यात एक इंजिनिअरिंगचा घोटाळाही दिसतो. म्हणून ह्या वीकेंडला हाच विषय.

हिचं गाव हवाई. तिथल्या भाषेत 'ओपाए' म्हणजे कोळंबी, 'उला' म्हणजे लाल. ओपाए-उला. किनाऱ्याजवळ लाव्हाच्या काळ्या खडकात छोटी छोटी डबकी असतात. खडक आपल्या सह्याद्रीसारखाच, बसाल्ट. फक्त वयाने अगदी कोवळा आणि भेगांनी भरलेला. डबक्याचा समुद्राशी वरून काहीच संबंध नाही, पण खालच्या भेगांतून समुद्राचं पाणी आत येतं आणि डोंगराकडून झिरपलेलं गोडं पाणी त्यात मिसळतं. म्हणून पाणी मचूळ, आणि समुद्र दिसत नसला तरी डबक्याला भरती-ओहोटी आहेच! कोळंबी उजेडात वर येऊन दगडावरचं शेवाळ आणि जिवाणूंचा थर खरवडून खाते, आणि वाटेल तेव्हा भेगांतून खालच्या अंधारात निघून जाते. पिल्लं होतात ती बहुतेक ह्या अंधारातच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हवाईच्या कोळ्यांना ही कोळंबी पिढ्यान् पिढ्या माहीत होती. 'ओपेलू' नावाचा मासा पकडायला ते तिचा चारा म्हणून वापर करत. विज्ञानाच्या दप्तरी तिची नोंद मात्र 1963 साली झाली. लिप्के होल्थुइस ह्या डच शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं हॅलोकॅरिडिना रुब्रा. असल्या डबक्यांसाठी 'अँकिअलाइन' हा शब्दही त्यानेच 1973 मध्ये ग्रीकवरून बनवला. अर्थ साधा, समुद्राजवळचं.

आता नासा. 1967 च्या सुमारास हवाई विद्यापीठात क्लेअर फोल्सम नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने समुद्राचं पाणी आणि वाळू काचेच्या चंबूत भरून तोंड कायमचं बंद केलं. आतले शेवाळ आणि जिवाणू वर्षानुवर्षं जगले. बाहेरून आत जायचा तो फक्त उजेड. अंतराळात माणसं दीर्घकाळ ठेवायची तर हवा-पाणी-अन्नाचं चक्र बंद डब्यात कसं फिरवायचं, हा तेव्हा नासाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. तिथल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या जो हॅन्सनने पुढची पायरी गाठली. बंद काचेत त्याने प्राणीही घातला, आणि तो प्राणी म्हणजे आपली ओपाए-उला.

कल्पना फारच सुरेख. उजेडावर शेवाळ प्राणवायू करणार, कोळंबी शेवाळ आणि जिवाणू खाणार, तिच्या मैल्याचं जिवाणू खत करणार, ते पुन्हा शेवाळाला. 1980 च्या दशकात अॅरिझोनातल्या टूसॉनच्या एका कंपनीने असे गोळे 'इकोस्फिअर' नावाने विकायला काढले. कार्ल सेगनलाही तो गोळा पोस्टाने आला होता. 1997 साली आलेल्या त्याच्या 'बिलियन्स अँड बिलियन्स' मध्ये त्यावर अख्खं प्रकरण आहे. गोळा म्हणजे छोटी पृथ्वी, असं रूपक लोकांच्या मनात पक्कं बसलं.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ही कोळंबी निवडली का? ती भांडत नाही, तिला अन्न फार कमी लागतं, उपासमार सहन होते, पाणी थोडं खारं किंवा थोडं गोडं झालं तरी चालतं. म्हणजे मरायला ती फार वेळ घेते! सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल: एखादा भाग इतका चिवट असतो की अख्खी सिस्टिम आतून ढासळली तरी स्क्रीन हिरवीच दिसते. गोळ्यात ही कोळंबी सहसा दोन-तीन वर्षं काढते, एखादी दहाही. पण पिल्लं होत नाहीत. एक एक कमी होते आणि शेवटी नुसतं पाणी उरतं. ज्यात पुढची पिढी नाही त्याला पृथ्वी कसं म्हणायचं? फोल्समचे चंबू खरंच चालले, कारण आतले जीव वाढत होते, विभागत होते. कोळंबी घातल्यावर गोळा दिसायला देखणा झाला, आणि प्रयोगाची शोभेची वस्तू झाली.

हीच कोळंबी उघड्या बरणीत मात्र वाढते, आणि हे हौशी लोकांनी घरोघरी करून दाखवलंय. मी इथे अमेरिकेत असल्यामुळे मला ती सहज मिळाली. आठ लिटरची काचेची बरणी, सच्छिद्र लाव्हाचे दगड, मत्स्यालयाचं समुद्री मीठ (जेवणातलं नव्हे), खारेपणा समुद्राच्या साधारण निम्म्याखाली. फिल्टर नाही, पंप नाही. पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही. खाणं अगदी नावापुरतं; शेवाळ असलं तर तेही नको. मुख्य गोष्ट म्हणजे दगडांच्या आत खरा अंधार हवा आणि महिनोन् महिने हात घालायचा नाही. सतत हलवाहलव करणाऱ्याकडे पिल्लं होत नाहीत.

मूळ डबक्यांची अवस्था मात्र बरी नाही. आपल्याकडे महापालिका डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडते ना, तसेच हवाईत 1905 साली डासांची अंडी-अळ्या खाणारे गंबुसिया मासे आणले. ते आणि पुढे इतर मासे डबक्यांत शिरले. तिथे कोळंबी आता दिवसा वर येतच नाही, रात्री काळोखात येऊन खाते. काही डबकी 1980 च्या दशकात रिसॉर्ट बांधताना बुजवली गेली. त्यात जनुकीय अभ्यासातून कळलंय की वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या कोळंब्यांचे वंशही वेगळे आहेत. एक डबकं गेलं तर दुसरीकडची आणून सोडता येईल, इतकं ते सोपं नाही.

माझ्या बरणीत अकराव्या महिन्यात एक मादी दिसेनाशी झाली. नंतर दिसली तेव्हा पोटाखाली मरून रंगाची दहा-बारा अंडी. मादी ती महिनाभराहून जास्त सांभाळते, पायांनी वारा घालत. गेल्या आठवड्यात दगडाजवळ टॉर्च धरली तर पाण्यात डोकं खाली करून लटकलेल्या, स्वल्पविरामाएवढ्या सात अळ्या. अजून त्या काही खात नाहीत, अंड्यातल्या बलकावरच चाललंय. टॉर्च लगेच बंद केली.